झडतीचे कलम आधी वाचावे

विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीने मला लेखी प्रश्न पाठवला आहे. तो असा : "एखाद्या प्रदेशातील बहुसंख्य लोक जो धर्म मानतात, त्याचे खाण्यापिण्याचे, पेहरावाचे, लग्नाचे नियम सरकारने कायदा करून सक्तीने पाळायला लावले, तर त्यात कायद्याच्या दृष्टीने नेमके काय चुकते? आणि अशी सक्ती घराच्या दारापर्यंत आली, तर सामान्य माणसाने काय करावे?"

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात 31 वर्षे फौजदारी वकिली करीत आहे. त्यामुळे माझे उत्तर तत्त्वज्ञाच्या अंगाने जाणार नाही. पंचनामा, जप्ती, जामीन आणि पुरावा यांच्या अंगाने जाईल. माझ्या अनुभवात अशा कायद्याचे खरे रूप त्याच्या प्रस्तावनेत कधीच दिसत नाही. प्रस्तावना सगळ्यांच्याच चांगल्या असतात. ते रूप झडतीच्या कलमात, जप्तीच्या कलमात आणि पुराव्याचा भार कोणावर टाकला आहे त्या कलमात दिसते. म्हणून असा कोणताही कायदा हाती आला की ती तीन कलमे आधी वाचावीत, असे मी माझ्या कनिष्ठ वकिलांना सांगतो.

याचे कारण एका प्रकरणावरून सांगतो. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाची दुरुस्ती अमलात आली. 1976 च्या मूळ कायद्यात गाईंच्या कत्तलीला बंदी होती. ती बैल आणि वळूंपर्यंत वाढवण्यात आली. म्हैस आणि रेडा यांना ती बंदी लागू नाही. दुरुस्तीत कलम 5ड असे होते की, जनावर राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेले असले तरी त्याचे मांस महाराष्ट्रात नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठेवली गेली. सोबतच्या कलम 9ब ने आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली. कायद्याचा उद्देश शेती आणि पशुधन यांचे रक्षण असा लिहिलेला आहे आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 48 चा आधारही तोच आहे. तरीही रस्त्यावर हा कायदा कोणत्या भावनेने राबवला जातो, हे नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस जुन्या नाशकातील एका घरी रात्री साडेआठच्या सुमारास पोलीस गेले. कोणीतरी फोनवरून खबर दिली होती. घरात नवरा, बायको, म्हातारी आई आणि दोन मुले होती. फ्रिजमधून एक स्टीलचा डबा बाहेर काढला गेला. तो पंचनामा माझ्याकडे अजून आहे. त्यात लिहिले आहे : "एक स्टीलचा झाकणासह डबा, त्यात अंदाजे दीड किलो वजनाचा मांससदृश पदार्थ." पंच म्हणून ज्या दोघांच्या सह्या होत्या, ते त्या गल्लीत राहणारे नव्हते. पदार्थाचा नमुना बाटलीत भरून, लाखेची मोहोर लावून प्रयोगशाळेकडे गेला, डबा मुद्देमाल म्हणून जमा झाला आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनवर काम करणारा तो माणूस कोठडीत गेला. गुन्हा अजामीनपात्र होता. जामीन मिळायला नऊ दिवस लागले, आणि तेवढ्यात त्याच्या जागी कारखान्याने दुसरा माणूस घेतला.

रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला कोर्टात सगळे सीए रिपोर्ट म्हणतात, सात महिन्यांनी आला. मांस म्हशीचे होते.

या प्रकरणातील पोलीस अधिकारी क्रूर होता असे मी म्हणणार नाही. तो नियमाने वागला, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. घरातील एका डब्यात काय शिजले आहे यावर फौजदारी गुन्हा उभा केला, की कोणाच्या तरी फोनवर विश्वास ठेवून कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरावेच लागते. मांसाकडे नुसते पाहून ते कोणत्या जनावराचे आहे हे ठरवता येत नाही, त्यामुळे अटक आधी होते आणि खात्री नंतर. आणि भार आरोपीवर असल्यामुळे, बाजारातून पावतीशिवाय आणलेल्या दीड किलो मांसाचा उगम त्या कामगाराने सिद्ध करायचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी कलम 5ड आणि कलम 9ब ही दोन्ही कलमे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद 21 शी विसंगत म्हणून रद्द केली. कत्तलीवरील बंदी न्यायालयाने कायम ठेवली. पण राज्याबाहेरून आलेले काय खावे हा माणसाच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे, असे मानले. त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिले गेली आहेत. दरम्यान 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, त्यामुळे उच्च न्यायालयाच्या त्या विचाराला मोठे बळ मिळाले.

आता इतर देशांकडे पाहू, कारण प्रश्न कोणत्याही एका धर्मापुरता नाही आणि माझे उत्तरही नाही. पाकिस्तानात जनरल झिया उल हक यांच्या राजवटीने 1979 मध्ये इस्लामी दंडनियम लागू करणारे हुदूद अध्यादेश काढले. विवाहबाह्य संबंध हा फौजदारी गुन्हा झाला आणि त्यातील सर्वांत कडक शिक्षेसाठी चार प्रौढ मुस्लिम पुरुषांची प्रत्यक्ष साक्ष आवश्यक ठरली. बलात्कारासाठीही तोच पुरावा मागितला गेला. फौजदारी वकील हे वाचताच पुढचे ओळखतो. पीडित स्त्रीकडे असे चार साक्षीदार असणे शक्यच नव्हते, पण तक्रारीत संबंध झाल्याचे तिने स्वतःच सांगितलेले असे, किंवा ती गरोदर असे. म्हणजे आरोपीविरुद्ध पुरावा नाही आणि तिच्याविरुद्ध मात्र आहे. 1983 मध्ये जवळजवळ अंध असलेल्या एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार तिच्या वडिलांनी केली. पुरुष सुटला आणि तिला तीन वर्षांची कैद व पंधरा फटक्यांची शिक्षा झाली. देशभर आणि देशाबाहेर आवाज उठल्यानंतर वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. बलात्काराचा गुन्हा पुन्हा सामान्य दंडसंहितेत यायला 2006 साल उजाडले. या सत्तावीस वर्षांत ज्या स्त्रियांनी तुरुंगवास भोगला, त्या बहुतांशी त्याच बहुसंख्य धर्माच्या होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "बहुसंख्यांना मान्य आहे" या युक्तिवादात गृहीत असे धरलेले असते की सक्तीची झळ फक्त इतरांना बसेल. धर्माचा नियम दंडसंहितेत गेला, की त्या धर्मातील गरीब, एकटे आणि बायका यांच्यावर तो सर्वांत आधी चालतो, कारण पोलिसांच्या हाताला तेच लागतात.

इराणचे उदाहरण आणखी एका कारणासाठी मोलाचे आहे. जानेवारी 1936 मध्ये रझा शहा यांनी स्त्रियांच्या बुरख्यावर बंदी घातली आणि पोलीस रस्त्यात बायकांच्या अंगावरील चादर ओढून काढू लागले. कित्येक स्त्रियांनी त्यामुळे घराबाहेर पडणेच सोडले. 1979 च्या क्रांतीनंतर उलटे वारे वाहिले. त्या वर्षीच्या 8 मार्चला तेहरानमध्ये हजारो स्त्रिया सक्तीच्या हिजाबाविरुद्ध रस्त्यावर आल्या, तरी 1983 मध्ये हिजाब न घेण्यासाठी 74 फटक्यांची शिक्षा कायद्यात आली. 1936 मध्ये अकरा वर्षांची असलेली मुलगी 1983 मध्ये अठ्ठावन्न वर्षांची होती. तिच्या पिढीने दोन्ही कायदे सोसले आणि दोन्ही वेळा तिच्या डोक्यावर काय असावे हे पोलीस चौकीत ठरले. 13 सप्टेंबर 2022 रोजी तेहरानमध्ये महसा अमिनी या 22 वर्षांच्या तरुणीला हिजाब नीट नसल्याच्या कारणावरून नैतिक पोलिसांनी ताब्यात घेतले आणि तीन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने मार्च 2024 मध्ये असा निष्कर्ष काढला की, कोठडीतील शारीरिक हिंसेमुळे तो मृत्यू झाला. गुन्हा काय होता, तर डोक्यावरचा कपडा किती मागे सरकला होता.

अफगाणिस्तानात तालिबानने ऑगस्ट 2024 मध्ये जो 35 कलमांचा सदाचाराचा कायदा काढला, त्यात स्त्रियांचा चेहरा आणि आवाज यांच्यावर बंधने आहेतच. पण वकिलाच्या नजरेने मला त्यातील एक गोष्ट अधिक गंभीर वाटते. सोबत जवळचा पुरुष नातेवाईक नसलेल्या स्त्रीला गाडीत घेऊ नये, ही जबाबदारी गाडीच्या चालकावर आहे. म्हणजे पोट भरण्यासाठी टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला सरकारने शिपाई केले आहे, आणि त्याने शिपायाचे काम केले नाही तर तोच गुन्हेगार ठरतो. पुरेसे पोलीस कोणत्याही सरकारकडे नसतात. म्हणून असे कायदे नेहमी चालक, दुकानदार, घरमालक, मुख्याध्यापक यांच्या हातून राबवले जातात.

हे सगळे परदेशातले म्हणून बाजूला ठेवू नये. आपल्या शेजारचा आणि आपला स्वतःचा इतिहासही तेच सांगतो. गोव्यात धर्मचौकशीचे न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, 1560 मध्ये सुरू झाले आणि मधली काही वर्षे वगळता 1812 पर्यंत चालले. त्या न्यायालयाने 1736 मध्ये जो हुकूम काढला, तो दैनंदिन जीवनावरील सक्तीचा मला माहीत असलेला सर्वांत बारकाईचा दस्तऐवज आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या गोवेकरांनी लग्नात ओव्या गाऊ नयेत, अंगणात तुळस लावू नये, एकादशीला उपास करू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी नेसू-घालू नये, अशा मनाया त्यात आहेत. एक मनाई अशी आहे की, भात मिठाशिवाय शिजवू नये. बिनमिठाचा भात ही हिंदूंची रीत, म्हणून ती जुन्या धर्माची खूण मानली गेली. आता कोणाच्या पातेल्यातील भातात मीठ आहे की नाही, हे न्यायालयाला कळणार कसे? घरातील मोलकरीण सांगेल, जेवायला आलेला पाहुणा सांगेल किंवा बांधावरून भांडण झालेला शेजारी सांगेल. श्रद्धा पाहता येत नाही म्हणून मीठ पाहायचे, आणि मीठ पाहायला शेजाऱ्याची जीभ लागते. 1736 मधील ते पातेले आणि जुन्या नाशकातील तो स्टीलचा डबा यांच्यात मला फारसा फरक करता येत नाही.

पेशवाईतही ग्रामण्ये, म्हणजे जातीजातींतील धार्मिक हक्कांचे वाद, राजसत्तेपुढे जात. कोणत्या जातीने कोणता विधी वेदोक्त करावा, कोणी धोतर कसे नेसावे, हे विषय दरबारात निवाड्याला येत. 1779 मध्ये पुण्याच्या सरकारच्या आग्रहावरून मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने सोनारांना आदेश दिला की, त्यांनी अभिवादन करताना 'नमस्कार' हा शब्द वापरू नये. कंपनीला त्या शब्दाशी काही देणेघेणे नव्हते. शेजारच्या सत्तेशी संबंध बिघडू नयेत एवढाच तिचा हिशेब असणार. पण हुकूम निघाला आणि रस्त्यात भेटलेल्या माणसाला कोणत्या शब्दाने हात जोडावेत, हा सरकारी विषय झाला. आपल्या सराफ बाजारातून जाताना मला या आदेशाची अनेकदा आठवण होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. "मग मंदिरप्रवेशाचा कायदा हीसुद्धा धर्मात सरकारची सक्तीच नव्हती का? ती चालते, तर ही का नको?" याचे उत्तर आपल्या पंचवटीतच आहे. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दारांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारे आतून बंद होती आणि बाहेर पोलीस उभे होते. सरकार तटस्थ असल्याचे म्हणत होते; पण बंद दाराबाहेर उभा असलेला पोलीस दार बंद ठेवणाऱ्याच्या उपयोगी पडतो. 9 एप्रिलला, रामनवमीच्या रथाच्या वेळी, सत्याग्रहींवर दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, दार उघडले नाही आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी "हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही" ही घोषणा केली. स्वातंत्र्यानंतर अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, अनुच्छेद 25 ने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करण्याचा कायदा करण्याची मुभा राज्याला दिली आणि 1956 मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याने तसा कायदा केला.

तो कायदा कोणालाही देवळात जायला लावत नाही. रामावर श्रद्धा ठेवा, आरती करा, उपास धरा असे काही त्यात नाही. जो आत जाऊ इच्छितो त्याला अडवणाऱ्या हातापुरतीच त्याची सक्ती आहे. दुसऱ्याचा रस्ता रोखणाऱ्याला दूर करणे आणि माणसाला एका ठरावीक रस्त्याने हाकत नेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते वेगळेपण पुराव्यातही दिसते. दार अडवले की नाही, हे सगळ्यांसमोर घडते. त्यासाठी कोणाच्या स्वयंपाकघरात शिरावे लागत नाही. याच 1956 च्या कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2016 रोजी शनिशिंगणापूरच्या प्रकरणात स्त्रियांचा मंदिरप्रवेशाचा हक्क मान्य केला आणि त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वरी पोलीस बंदोबस्तात काही महिला गर्भगृहात गेल्या. ज्या भाविक स्त्रियांना गाभाऱ्यात जायचे नव्हते, त्या बाहेरूनच दर्शन घेऊन परतल्या आणि त्यांना कोणी जाब विचारला नाही.

त्र्यंबकेश्वराचेच आणखी एक उदाहरण देतो, कारण धर्माचा नियम कडक असू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. निवृत्तीनाथांच्या समाधीपाशी पौष वद्य एकादशीला यात्रा भरते आणि आषाढीसाठी तिथूनच पालखी पंढरपूरला निघते. माझे वडील माळकरी होते. तुळशीची माळ गळ्यात घातली की मांस सुटले, दारू सुटली, एकादशी धरली, वारी लागली. एवढा कडक नियम मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही आणि तो त्यांनी चाळीस वर्षे पाळला. घरात आम्ही भाऊ मात्र मांसाहारी होतो. ते आमच्या ताटाकडे पाहत नसत. माळ काढली तर कोठडी, असा कायदा असता, तर त्यांच्या त्या चाळीस वर्षांना काय अर्थ उरला असता, हे मला सांगता येणार नाही.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग व्यवहाराचा आहे. लग्नाबाबत सरकारची नजर कशी येते ते आधी सांगतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस असते आणि ती कार्यालयात लावली जाते. त्या फळ्यावरील कागदाचा मोबाइलने फोटो काढून नेणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. डिसेंबर 2022 मध्ये राज्य शासनाने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समितीही नेमली. दोघेही सज्ञान असतील, तर जोडीदार निवडण्याचा हक्क अनुच्छेद 21 मध्ये येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या हादिया प्रकरणात स्पष्ट केले आहे. धोका वाटत असेल, तर नोटीस देण्याआधीच पोलीस संरक्षणासाठी लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी आणि दखल घेतली गेली नाही तर उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका घेऊन जावे.

घरी झडती आली, तर वाद घालू नये आणि धक्काबुक्की तर मुळीच करू नये. अधिकाऱ्याचे नाव, दर्जा आणि कोणत्या कलमाखाली झडती आहे हे विचारावे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ते सुरू आहे का, हे शांतपणे विचारावे. पंच कुठले आहेत ते पाहावे, पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये आणि प्रत मागावी. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. त्याच संहितेच्या कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस देण्याची तरतूद आहे आणि अटक आवश्यक का, याची कारणे लिहून ठेवावी लागतात. वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

पोलिसांऐवजी जमाव आला, तर ते प्रकरण वेगळे आणि जास्त घातक असते. जून 2023 मध्ये इगतपुरी, घोटी, सिन्नर या आपल्याच पट्ट्यात, गोवंश किंवा गोमांस नेल्याच्या संशयावरून झालेल्या हल्ल्यांत काही दिवसांच्या अंतराने दोन माणसांचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2018 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार प्रत्येक जिल्ह्यात अशा हिंसेसाठी अधीक्षक दर्जाचा अधिकारी जबाबदार असला पाहिजे. गाडी अडवली जात आहे असे दिसताच 112 वर फोन करावा आणि नंतर तक्रार थेट त्या अधिकाऱ्याच्या नावे द्यावी. वाहने तपासण्याचा अधिकार कायद्याने पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्याला, अथवा सरकारने तसे अधिकृत केलेल्या व्यक्तीला दिला आहे; गळ्यात उपरणे घातलेल्या कोणालाही तो मिळालेला नाही.

त्या जुन्या नाशकातील प्रकरणात अहवाल आल्यावर पोलिसांनी सी समरी, म्हणजे गुन्हा वस्तुस्थितीच्या चुकीमुळे नोंदला गेल्याचा अहवाल, दाखल केली आणि मॅजिस्ट्रेटनी ती मंजूर केली. त्यानंतर आरोपीची पत्नी माझ्याकडे आली. खटला संपला हे तिला माहीत होते. तिला डबा परत हवा होता. तो तिच्या आईने रुखवतात दिलेला होता. मुद्देमाल परत मिळण्यासाठी मी अर्ज केला, आदेश झाला आणि मुद्देमाल कारकुनाने कपाटातून डबा काढून दिला. झाकणावर गुन्हा रजिस्टर नंबरची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि कडेला लाखेचे लाल थेंब वाळले होते. तिने तिथेच, कोर्टाच्या व्हरांड्यात, नखाने ती चिठ्ठी खरवडायला सुरुवात केली.